हरिचंद्र गायकरांचा लॉगिन

बदलापूरच्या एमआयडीसीत प्रेशर कुकरच्या रबरी रिंगा बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या स्टोअरमध्ये हरिचंद्र गायकर नावाचा एक खमका माणूस बसतो, अशी सप्लायर मंडळींची पक्की समजूत होती. खोके ओले आले, की हरिचंद्रचा मेल. वजन कमी भरलं, की हरिचंद्रचा मेल. मेल दोन-तीन ओळींचाच, पण वाचणाऱ्यानं मुकाट टेम्पो परत फिरवावा असा. या हरिचंद्रला प्रत्यक्ष कोणी पाहिलं नव्हतं. फोन केला तर दर वेळी एक बाई उचलायची आणि सांगायची, "साहेब राउंडला गेलेत, मेल टाका."

ती बाई म्हणजे स्वप्नाली, आणि हरिचंद्रही तीच.

खरे हरिचंद्र गायकर हे तिचे सासरे. ते केव्हाच रिटायर झाले होते आणि कुळगावात घराच्या पडवीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करत दिवस काढत होते. त्यांच्या नावानं उल्हासनगरपर्यंतचे व्यापारी दचकतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

हे सोंग कुणी ठरवून घेतलं नव्हतं. कारखाना उभा आहे ती जमीन एकेकाळी गायकरांची. जमीन गेली तेव्हा घरातल्या एकाला नोकरी द्यायची असं तोंडी ठरलं होतं, आणि तोंडी ठरलेलं असूनही कारखान्यानं ते पाळलं, हे विशेष. हरिचंद्र आधी प्रेसवर लागले, नंतर स्टोअरमध्ये आले. गावाचा हिशेब सरळ होता. ती खुर्ची जमिनीच्या बदल्यातली, म्हणजे ती घरातच राहायची. ते रिटायर झाले तेव्हा मुलगा अमित यानं हात वर केले. तो फ्लॅटच्या दलालीत रमलेला, रबराच्या वासात दिवसभर बसायची त्याला हौस नव्हती. मग बी.कॉम. झालेल्या सुनेला पुढे केलं गेलं. कारखान्यानंही तिला खळखळ न करता घेतलं, पण 'स्टोअर असिस्टंट' म्हणून. स्टोअरकीपरची जागा कागदावर रिकामीच राहिली. काम स्टोअरकीपरचं, हुद्दा असिस्टंटचा. बायकांच्या बाबतीत ही सोय सगळ्यांनाच फार लवकर पटते.

खुर्चीबरोबर कम्प्युटरचा लॉगिनही तिच्याकडे आला. कारखान्याचे सगळे कम्प्युटर मुंबईच्या हेड ऑफिसातल्या सर्व्हरला बांधलेले होते. त्या व्यवस्थेला डोमेन म्हणतात. सकाळी कम्प्युटर चालू केला, नाव आणि पासवर्ड टाकला, की तो आधी हेड ऑफिसला विचारणार, हा माणूस आपला का? तिकडून होकार आला की मगच दार उघडणार. स्वप्नालीच्या नावाचं खातं उघडायचं तर हेड ऑफिसची मंजुरी लागत होती, आणि मंजुरीसाठी कोणीतरी पाठपुरावा करायला हवा होता. तेव्हाचे मॅनेजर म्हणाले, "कशाला त्या भानगडीत पडायचं? तुझ्या सासऱ्यांचंच चालू ठेव. पासवर्ड काय, घरातच आहे."

पासवर्ड घरातच होता हे मात्र अगदी खरं. हेड ऑफिसच्या नियमानं तो अधूनमधून बदलावा लागायचा, आणि बदलायची वेळ आली की हरिचंद्र जेवताना तो ठरवून द्यायचे. ते नेहमी एखाद्या शेताचं नाव द्यायचे. गायकरांच्या प्रत्येक खाचराला नाव होतं: खोलवट, जांभळी, चिंचखाचर, बाराखणी. ती सगळी आता कारखान्याच्या शेडखाली आणि पार्किंगखाली गेली होती. हरिचंद्र भाताचा घास हातात धरून विचार करायचे आणि म्हणायचे, "या टायमाला जांभली घाल." स्वप्नाली दुसऱ्या दिवशी जांभळी घालायची, पुढे आकडा लावायची आणि मालाच्या पावत्या उघडून बसायची. त्या शेतांपैकी एकही तिनं पाहिलेलं नव्हतं, पण बोटांना सगळी पाठ झाली होती.

पहिल्या वर्षी तिला दुसऱ्याच्या नावानं काम करायची लाज वाटायची. मेलच्या खाली एच. एच. गायकर असं आपोआप यायचं, ते खोडून ती स्वतःचं नाव घालायची. मग एकदा उल्हासनगरच्या खोकेवाल्या शेठजींनी तिचा मेल वाचून फोन केला. खोकी पातळ आहेत असं तिनं लिहिलं होतं. शेठजी प्रेमळपणे म्हणाले, "अरे बेटा, तुम नई हो, तुमको समझेगा नहीं. ये क्वालिटी बराबर है. साहब को पूछ लो." स्वप्नालीनं फोन ठेवला, तोच मेल पुन्हा पाठवला, फक्त खालचं नाव खोडलं नाही. संध्याकाळी शेठजींचा माणूस जाड खोकी घेऊन दारात हजर.

त्या दिवसापासून ती नाव खोडायच्या फंदात पडली नाही. तिला त्यात थोडी मजाही वाटू लागली, हे नाकारण्यात अर्थ नाही. बाई म्हणून जे तोंडातून निघालं नसतं ते हरिचंद्र म्हणून बोटांतून निघायचं. फोनवर 'हो शेठ, बघते शेठ' करणारी स्वप्नाली पाच मिनिटांत कीबोर्डवर बसून त्याच शेठला सरळ करायची. घरी आल्यावर पुन्हा पदर खोचून भाकऱ्या थापायची. रबरी रिंगांच्या कारखान्यात एक बाई दोन माणसांचं काम करत होती आणि पगार मात्र त्यातल्या छोट्या माणसाचा, असिस्टंटचा, घेत होती.

मग कारखाना विकला गेला.

मालक मोठ्या ग्रुपचे होते. त्यांनी बदलापूरचं युनिट वेगळं काढून दुसऱ्या कंपनीला दिलं. मशीनं तीच, माणसं बहुतेक तीच, पण मुंबईचा सर्व्हर जुन्या मालकांकडे राहणार होता. ठरलेल्या शुक्रवारी हेड ऑफिस ही लाइन कापणार. त्यानंतर कारखान्यातल्या कम्प्युटरनं सकाळी विचारलं, हा माणूस आपला का, तर तिकडून उत्तर देणारं कोणीच नसणार. म्हणून त्याआधी प्रत्येकाचं सगळं सामान, म्हणजे डेस्कटॉप, फाइली, मेल, मांडणी, हे डोमेनच्या खात्यातून काढून त्याच कम्प्युटरवरच्या लोकल खात्यात घालायचं होतं. हे काम करायला नव्या कंपनीनं सुजित नावाचा एक तरुण नेमला. अंबरनाथला त्याचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बोलायला मोकळा आणि कामाला स्वच्छ.

"फाइली कॉपी करून टाकल्या की झालं ना?" स्वप्नालीनं त्याला विचारलं होतं.

"नाही ना ताई. तिथेच लोक फसतात. प्रत्येक फाइलवर आतून मालकाचा शिक्का असतो. नवीन खातं उघडून नुसतं सामान उचलून आणलं तर सगळं डोळ्यांसमोर दिसतं, पण उघडायला गेलं की म्हणतं, परवानगी नाही. आधी मालकी बदलायची, मग ही सगळी मांडणी, म्हणजे प्रोफाइल, नव्या खात्याला जोडायची. मग माणसाला कळतसुद्धा नाही की काही हललंय."

तो ऑफिसातून फिरत एकेक कम्प्युटर करत चालला होता. स्टोअरपाशी आला तेव्हा हातातला कागद बघून थांबला.

"ताई, या मशीनवर हरिचंद्र गायकर म्हणून एकच यूजर आहे. तुमचं नाव कुठेच नाही."

"मी तेच वापरते."

"ते दिसतंयच," सुजित आवाज खाली आणून म्हणाला. "पण वर जरा बोलून घ्या. वर असं चाललंय की स्टोअरला एकच माणूस ठेवायचा. देवदत्त सर म्हणत होते, हरिचंद्रला ठेवायचं, असिस्टंटची गरज नाही."

स्वप्नालीला आधी हसू आलं. मग लक्षात आलं, असिस्टंट म्हणजे आपणच.

देवदत्त सर हे नव्या कंपनीचे अधिकारी. माणूस वाईट नव्हता. कारखाना ताब्यात घ्यायच्या आधी त्यांनी प्रत्येक खात्याचं काम तपासलं होतं, जुने मेल वाचले होते, आणि त्यात त्यांना एक हिरा सापडला होता. स्वप्नाली त्यांच्या केबिनमध्ये गेली तेव्हा ते स्वतःहूनच त्याविषयी बोलायला लागले.

"तुमचे सासरे ना ते? रिटायर झाल्यावरही सगळं तेच बघतात. काय माणूस आहे. असे मेल मी मोठमोठ्या प्लांटमध्ये पाहिले नाहीत. मोजकं आणि ठाम. वयाचं आपण बघू, सल्लागार म्हणून घेऊ."

"सर, ते मेल मी लिहिते."

"माहीत आहे मला," देवदत्त सर समजुतीनं म्हणाले. "त्या पिढीला टायपिंग जमत नाही. तुम्ही मदत करत होतात, हे तुमच्या सर्टिफिकेटवर आम्ही जरूर लिहू."

"टायपिंग नाही सर. मी..." ती एवढं बोलून अडखळली. समोरच्या भिंतीवर नव्या कंपनीचे नियम लावलेले होते. दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करणं हा त्यात शिस्तभंग होता, त्यावर नोकरी जाऊ शकत होती. म्हणजे मेल माझे नाहीत म्हटलं तर असिस्टंट म्हणून घरी, आणि माझेच आहेत म्हटलं तर नियम मोडला म्हणून घरी. इतकी वर्षं ज्या नावाच्या आडोशानं ती बिनघोर बसली, तेच नाव आता तिला खुर्चीवरून उठवायला निघालं होतं.

"गुरुवारी त्यांना घेऊन या," देवदत्त सर म्हणाले. "शुक्रवारी लाइन कापणार आहेत. त्याआधी स्टोअरचं नक्की करू."

घरी ही बातमी सांगितल्यावर हरिचंद्रांचा चेहरा असा काही उजळला की स्वप्नालीला पुढचं बोलवेना. कंपनीनं बोलावलं. रिटायर झाल्यावर नारळ देऊन जिनं दार लावून घेतलं त्या कंपनीनं. ते लगेच उठून कपाटातला पांढरा शर्ट शोधायला लागले. अमित म्हणाला, "बाबा, सल्लागार म्हणजे रोज जायचं पण नसतं. घरबसल्या चांगलंय." मग बायकोकडे बघून म्हणाला, "तुला पण आराम. किती वर्षं करणार?" त्याला वाटलं आपण तिचं भलंच बोललो.

स्वप्नाली स्वयंपाकघरात गेली. सासूबाई, पुतळाबाई, तिथे सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय झाला गो?"

तिनं सगळं सांगितलं. मेल, शेठजी, नियम, सगळं. हे असं सलग तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि सांगताना तिला रडू फुटलं. नोकरी जाईल याचं दुःख होतंच. पण आपण केलेलं एवढं सगळं काम दुसऱ्याच्या नावावर जमा होणार आणि आपण होतो याची कुठे खूणही राहणार नाही, हे जास्त लागत होतं.

पुतळाबाईंनी हातातलं सूप बाजूला ठेवलं. "मंग सासऱ्याला सांग ना."

"त्यांचं तोंड बघितलंत का आई? किती खूश झालेत."

"खुशीत हाय तो. पन तुजा काम तो कसा करील?" एवढं बोलून त्या पुन्हा निवडायला लागल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "मी नाय सांगनार. तूच सांग. नायतर नको सांगूस, आनि मंग रडू नको."

स्वप्नालीनं सांगितलं नाही. बुधवार तसाच गेला. ती स्वतःवर चिडत होती, सासऱ्यांवर चिडत होती, आणि त्यांचा शर्ट इस्त्रीही करत होती.

गुरुवारी दोघं रिक्षानं कारखान्यात गेले. गेटवरच्या वॉचमननं हरिचंद्रांना ओळखून सलाम ठोकला तेव्हा ते आणखी ताठ झाले. स्टोअरमध्ये सुजित कम्प्युटर उघडून बसला होता. देवदत्त सरांनी उठून हात मिळवला, स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला. स्वप्नाली रॅकपाशी उभी राहिली. तिला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

"गायकर, तुम्ही इथली आवक-जावक फार सुंदर बसवली आहे," देवदत्त सर म्हणाले.

"हा, ती बसवली," हरिचंद्र म्हणाले.

"आणि सप्लायरवर वचक चांगला ठेवलात."

"ठेवावाच लागतो. नायतर डोक्यावर बसतात."

स्वप्नालीनं रॅकच्या पत्र्यावर बोट दाबून धरलं. सासरे खोटं बोलत नव्हते, निदान त्यांना तसं वाटत नसावं. कुणीतरी इतक्या वर्षांनी त्यांची वाहवा करत होतं आणि ते ती पान खाल्ल्यासारखी चघळत होते. तिला त्यांचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, की आपण इथे उभ्या आहोत आणि आपली जीभ टाळ्याला चिकटली आहे.

देवदत्त सरांनी मग एक छापलेला मेल त्यांच्यापुढे ठेवला. "मला सगळ्यात आवडला तो हा. मागच्या वर्षी तुम्ही रबराचा अख्खा लॉट परत पाठवलात. प्रॉडक्शन मॅनेजर घ्या म्हणत होता, दोन शिफ्ट बंद राहणार होत्या, तरी तुम्ही नाही म्हणालात. आणि तुमचंच बरोबर निघालं. त्या मॅनेजरला तुम्ही काय उत्तर दिलंय ते वाचा."

मेल हिंदीत होता, इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. हरिचंद्रांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत सावकाश वाचायला सुरुवात केली. हा माल मी आत घेणार नाही. घ्यायचा असेल तर तुम्ही सही करून घ्या, स्टोअरची सही मिळणार नाही. कुकर कुणाच्या तरी घरात लागतो. एवढंच होतं. ते एकदा वाचून झालं तरी त्यांनी कागद खाली ठेवला नाही. पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"ह्या मी नाय लिवला," ते म्हणाले.

"म्हणजे टाइप तुम्ही केलं नसेल, पण..."

"नाय साहेब. ह्या माजा नायच. मी असतो ना, तर माल आत घेतला असता." त्यांनी चष्मा काढला. "मॅनेजर घे बोलला, की मी घेयाचो. उभी नोकरी मी तसाच केला. कुनाला 'नाय' बोललो नाय. या जागेचा कागद झाला तवा बापानं अंगठा लावला आनि मी बाजूला उभा होतो. मना बोलायचा होता. जांभली तरी ठेवा, येवढाच बोलायचा होता. नाय बोललो." त्यांनी मेलवर बोट ठेवलं. "ह्या जिनं लिवला ती तिकडं उभी हाय. कवाची उभी हाय."

चहा घेऊन आलेला माणूस कप ठेवून मुकाट निघून गेला. देवदत्त सरांनी स्वप्नालीकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"तो लॉट परत का पाठवलात?" त्यांनी विचारलं.

आता मात्र तिची जीभ सुटली. "शीटच्या कडांना पांढरी भुकटी आली होती सर. रबर पडून राहिलं की आतलं गंधक वर येतं. वर लेबल नवीन होतं, पण माल जुना होता. मी नखानं खरवडून बघितलं. खाली कपाटात तुकडा ठेवलाय अजून."

"आणि हा लॉगिन? दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करणं म्हणजे काय हे माहीत आहे तुम्हाला?"

तिनं तोंड उघडायच्या आतच हरिचंद्र म्हणाले, "तो मी दिला. खुर्ची दिली तवाच दिला. पासवर्ड पन मीच सांगायचो. काय करायचा ते माज्यावर करा, मी तसा पन रिटायर हाय."

सुजित खाली मान घालून हसला. देवदत्त सर हसले नाहीत. त्यांच्या हिऱ्याचे असे दोन तुकडे झाले होते, आणि आपण चुकलो हे कबूल करणं अधिकाऱ्याला कठीणच जातं. त्यांनी मेलचा कागद घडी घालून फाइलीत ठेवला. मग म्हणाले, "हे नियमाबाहेर झालंय, आणि जुन्या मॅनेजमेंटनं होऊ दिलंय. आमच्याकडे चालणार नाही. सुजित, ही प्रोफाइल यांच्या नावच्या खात्यात घाल. मॅडम, हुद्द्याचं मी बघतो. स्टोअर तुम्हीच सांभाळायचं." आणि जाता जाता थांबून म्हणाले, "बसा ना तुम्ही."

ती बसली. सुजितनं नवं लोकल खातं उघडलं. नाव कसं लिहू म्हणून विचारलं, तर तिनं स्वतःच कीबोर्ड पुढे ओढून स्वप्नाली गायकर असं लिहिलं. मग त्यानं मालकी बदलायचं काम सुरू केलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत चालली. हरिचंद्र वाकून बघत होते.

"माजा नाव पुसतोस काय रे?"

"पुसत नाही काका. ज्यांचं सामान आहे त्यांच्या ताब्यात देतोय."

कम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पडद्यावर तिचं नाव आलं. खाली पासवर्डची रिकामी जागा. तिनं सवयीनं बोटं ठेवली आणि मग थांबली, कारण हा पासवर्ड कुणी ठरवून दिलेला नव्हता. थोडा विचार करून तिनं काहीतरी टाकलं. सासऱ्यांनी काय टाकलं म्हणून विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. मग डेस्कटॉप उघडला. तिच्या फाइली जिथल्या तिथे होत्या. पडद्यावर मागे लावलेला तिच्या मुलीचा फोटो तसाच होता. एकही चिन्ह इकडचं तिकडे झालेलं नव्हतं, आणि तरीही तिला ते सगळं पहिल्यांदाच बघितल्यासारखं वाटलं.

घरी परतताना रिक्षात हरिचंद्र बाहेर बघत बसले होते. कात्रपच्या चढाला रिक्षा रखडली. दोन्ही बाजूंना नव्या इमारतींच्या बांधकामाचे पत्रे लागले होते. स्वप्नालीला वाटलं, त्यांना आता वाईट वाटत असणार. शर्टाची इस्त्री मोडली होती आणि ते एकदम म्हातारे दिसत होते. तिला त्यांचे आभार मानायचे होते, पण सासऱ्यांचे आभार कसे मानतात ते तिला ठाऊक नव्हतं.

त्यांनीच बोलायला सुरुवात केली.

"मना येक सांग बाय. ह्या असा 'नाय' बोलायला तू कुठं शिकलीस? तुज्या बापाकडं?"

"नाही मामा. माझे बाबा पण तुमच्यासारखेच."

"मंग?"

स्वप्नालीनं थोडा विचार केला. आजवर तिनं स्वतःलाही हे विचारलं नव्हतं.

"तुमच्या नावानं लिहिताना शिकले. खाली माझं नाव नसायचं ना. त्यामुळे भीतीच वाटायची नाही."

हरिचंद्रांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "आनि आता?"

उद्या माल येणार होता, आणि मेलच्या खाली आता फक्त तिचंच नाव असणार होतं.

"आता वाटेल," ती म्हणाली. "पण लिहीन."